फोटोतलं वाळवण

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे नवख्या माणसांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा बायको हसून हसून बेजार झाली. तुमच्यासमोर कोण टिकणार, म्हणाली, आलेली माणसं चहा न घेता पळतील. तिचं फारसं चुकलं नाही, पुष्कळ जण पळाले. पण एक ताई टिकल्या, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं कधीचं मनात आहे. लिहायला बसलं की मी उठून पंख्याचं बटण कमी-जास्त करत बसतो.

आधी काम काय ते सांगतो, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही. इंटरनेटवर एक नकाशा आहे. तो कुठल्या कंपनीचा नाही, सरकारचाही नाही. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून, एक पैसा न घेता तो काढतात. ज्याला जी गल्ली ठाऊक, त्यानं ती काढायची, तिचं नाव लिहायचं, की थोड्या वेळात ती सगळ्या जगाला दिसते. चुकलं तर दुसरा कुणीतरी येऊन दुरुस्त करतो. मी टपाल खात्यात होतो, नाशिक रोडला. सारी नोकरी लोकांचे पत्ते वाचण्यात गेली. 'चिंचेखालचं घर', 'पिठाच्या गिरणीमागे', 'मास्तरांच्या चाळीशेजारी' असल्या पत्त्यांची पत्रं ज्यानं वर्षानुवर्षं मार्गी लावली त्याला निवृत्तीनंतर दुसरं काय सुचणार? लागलो नकाशाच्या नादी. आमची कॉलनी काढली, स्टेशनामागच्या गल्ल्या काढल्या. द्वारकेचा चौक काढताना तर घाम फुटला, एवढे रस्ते तिथे एकमेकांच्या अंगावर येतात. पुढे आणखी चार डोकी मिळाली आणि रविवारी सकाळी आम्ही ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत बसायला लागलो. कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकवायचा आणि टेबलावर लॅपटॉप मांडायचे.

पण आपल्या लोकांना ही भानगड काही केल्या पचत नाही. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, मुख्य कोण? मी सांगतो, कुणी नाही. मग अध्यक्ष? नाही. निदान सचिव तरी असेल? नाही हो. वर्गणी नाही, पावती नाही, बिल्ला नाही, वार्षिक सभा नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, समजा मी काढलेलं कुणी पुसलं, तर तक्रार कुणाकडे करायची? मी म्हटलं, सगळ्यांकडे. म्हणजे कुणाकडेच नाही, असं म्हणून त्यांनी चष्मा खिशात घातला आणि गेले ते गेलेच. तेव्हा मी त्यांच्यावर जाम चिडलो होतो. असल्या माणसांना सही-शिक्क्याशिवाय श्वासही घेता येत नाही, असं मी दिवसभर बायकोला ऐकवत होतो.

नव्या माणसाला पहिला धडा आम्ही एकच देतो. आपलं घर शोधा. पडद्यावर उपग्रहातून काढलेला फोटो असतो. आकाशातून पक्ष्याला दिसेल तसं सगळं गाव त्यात दिसतं, गच्च्या, झाडं, टाक्या. त्यातलं आपलं घर हुडकायचं, त्याच्या कडेकडेनं रेघ फिरवायची, झालं घर नकाशात. हा धडा मला फार आवडतो, कारण कितीही पोक्त माणूस असला तरी स्वतःची गच्ची सापडली की तो हरखतो. बायकोला बोलावून दाखवतो. शेजाऱ्याची गच्ची आपल्यापेक्षा मोठी दिसते म्हणून हिरमुसणारेही मी पाहिलेत.

ताई आल्या त्या एका रविवारी उन्हाळा नुकता संपत आला असताना. चाळिशी उलटलेल्या, एका शाळेच्या कार्यालयात कारकून, राहायला नाशिक रोडलाच, फ्लॅटमध्ये. मुख्य कोण, असं त्यांनी विचारलं नाही. खुर्चीत बसल्या, पडद्यावरचं गाव बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, काका, हा फोटो कधीचा आहे? मी म्हटलं, असेल दोन-तीन वर्षांपूर्वीचा. फोटो पुरवणारे दुसरेच असतात, ते मनात येईल तेव्हा बदलतात, आपल्याला विचारत नाहीत. त्यांनी मान हलवली.

मी म्हटलं, चला, घर शोधा. त्यांनी नाशिक रोड सोडलं, गोदावरी ओलांडली आणि सरळ आडगावच्या अंगाला गेल्या. बोट कुठेही अडखळलं नाही. एका मळ्यावर येऊन थांबल्या. कौलारू घर, शेजारी गोठा, थोड्या अंतरावर विहिरीचा काळा गोल, बांधाला एक मोठं झाड. घराला त्यांनी इतक्या हळू हळू रेघ काढली की मागे बसलेले दोघं जांभया द्यायला लागले. मग नावाच्या चौकटीत टाइप केलं, 'माहेर'.

मला हसू आवरेना. म्हटलं, ताई, माहेर तुमचं. मला त्याचा काय उपयोग? उद्या मी तिकडे निघालो तर रिक्षावाल्याला काय सांगू, माहेरी सोड? खोलीत सगळे हसले, त्याही हसल्या. मी समजावलं की नकाशात नाव लिहायचं ते चार लोक म्हणतात ते. आपण घरात म्हणतो ते नाही. असल्या नावाचे बंगले नाशकात ढिगानं आहेत, कुणीतरी परगावचा याला मंगल कार्यालय समजून बसेल. त्यांनी 'माहेर' पुसलं. थोडं थांबून लिहिलं, 'कवठाचा मळा'. बांधावरचं ते झाड कवठाचं होतं. लोक तेच नाव घेतात, म्हणाल्या. मग पडद्याकडे बघत राहिल्या. मी पुढच्या माणसाकडे वळलो.

त्या दर रविवारी यायला लागल्या. भाजीपाल्याच्या, फुलांच्या मळ्यांचा तो सगळा पट्टा त्यांनी काढला. ओढे, पाट, शिवारातले रस्ते, कुठल्या देवीचं ठाणं कुठे ते सगळं. लहानपणी आईबरोबर शेवंतीच्या पाट्या घेऊन टेम्पोतून बाजारात जायच्या, त्या वाटेवरचं काही म्हणजे काही विसरलेल्या नव्हत्या. काम चोख. मी कुणाचं कौतुक सहसा करत नाही, त्यांचं करायचो.

आणि मग ते शेडचं झालं. आमच्या नकाशात परदेशातला एक जण होता. हा बसल्या जागी फोटो बघून आशियाभरची घरं काढत सुटायचा. त्यानं कवठाच्या मळ्यात, घरासमोरच्या अंगणात एक आयत काढला आणि लिहिलं, शेड. फोटोत तिथे पांढराशुभ्र लांबट चौकोन होताच. पत्र्याचं छप्पर उन्हात असंच चमकतं, मलाही ते छप्परच वाटलं असतं. ताईंनी रविवारी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"काका, हे छप्पर नाही. हे आमचं वाळवण आहे."

मला आधी कळेचना. मग त्यांनी फोटो मोठा केला आणि बोटानं दाखवलं. वडील गेल्यावर त्यांची जुनी धोतरं आईनं टाकली नाहीत. दोन धोतरं मधोमध जोडून शिवली होती आणि दर उन्हाळ्यात अंगणात ती अंथरून त्यांवर कुरडया, सांडगे, पापड वाळत घालायची. त्या शिवणीची रेघसुद्धा दिसते, असं ताई म्हणाल्या. मला काही दिसली नाही, पण मी हो म्हटलं.

हा फोटो कोणत्या उन्हाळ्यातला ते त्यांना केव्हाच उमगलं होतं. फोटोत गोठ्यावर पाण्याची काळी टाकी होती आणि ती टाकी भावानं ज्या वर्षी बसवली तेच त्या अंगणातलं शेवटचं वाळवण. पुढच्या उन्हाळ्यात आई भावाच्या फ्लॅटमध्ये अंथरुणाला खिळलेली होती आणि पावसाळ्यात गेली. मळा त्याआधीच विकला गेला होता. भावाची त्यात काही चूक नव्हती, असं त्या दर वेळी आवर्जून सांगायच्या. शेतात कुणी उरलंच नव्हतं. घर पाडलं, विहीर बुजवली, प्लॉट पडले. हे सगळं त्यांना भावाकडून कळलं होतं. त्या स्वतः तिकडे फिरकल्या नव्हत्या.

म्हणजे जे घर त्यांनी पहिल्या दिवशी एवढं जपून काढलं होतं ते जमिनीवर नव्हतंच. फक्त फोटोत होतं.

त्यांनी फोटो आणखी मोठा केला. मोठा केला की सगळं फुटतं, नुसते चौकोनी ठिपके उरतात. पांढऱ्या चौकोनाच्या कडेला एक काळपट ठिपका होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, वाळवणाशी आई राखण करत बसायची, कावळे हाकायला. डोक्यावर पदर घेऊन. ही आई असेल का काका?

मला सांगता आलं असतं की एवढ्या उंचीवरून माणूस ओळखू येत नाही. ते कोंबड्यांचं डालगं असेल, नाहीतर बादली. एरवी मी सांगितलंच असतं, माझ्या जिभेला हाड नाही. पण त्या बाईंचा चेहरा बघितला. म्हटलं, असेल.

त्या परदेशातल्या माणसाला आम्ही दोघांनी मिळून इंग्रजीत कळवलं. वाळवण म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना माझ्या नाकी नऊ आले. उन्हाळ्यात वर्षभराचे पदार्थ कापडावर वाळवतात, हे माझ्या आईनं केलेलं आहे, असं काहीसं ताईंनी लिहिलं. त्याचं लगेच उत्तर आलं. भला माणूस होता. म्हणाला, मी असं कधी पाहिलं नाही, माफ करा, आणि ती शेड त्यानं स्वतःच काढून टाकली. खाली त्यानं आईंना नमस्कार सांगा असंही लिहिलं होतं. ताईंनी ते वाचलं आणि ओढणीनं चष्मा पुसत बसल्या.

आता घराचं काय, हा प्रश्न उरला. आमच्यात साहेब नसला तरी एक नियम सगळे पाळतात, जे जमिनीवर आहे तेच नकाशात. नाहीतर जो तो उठेल आणि मनातलं गाव काढेल. मी नियम सांगितला. सांगताना माझं मलाच जड जात होतं, पण सांगितला. त्या म्हणाल्या, फोटोत आहे ना अजून? मी म्हटलं, फोटोत आहे, जमिनीवर नाही. त्या म्हणाल्या, फोटो बदलेपर्यंत राहू द्या ना, काका. माझ्याकडे दुसरा फोटोच नाही. लग्नाचे आहेत, बारशाचे आहेत, पण ते सगळे दुसऱ्यांच्या घरचे. आई तिच्या अंगणात असलेला हा एकच.

मी काही परवानगी देणारा नव्हतो आणि अडवणाराही नव्हतो. त्या घराला नकाशात ठेवायचं की नाही हे जगातल्या कुणीही, कुठूनही ठरवावं. ते बँकवाले गृहस्थ त्या दिवशी मला आठवले. एखादा साहेब असता तर मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो असतो, हात जोडले असते, म्हटलं असतं, एवढं एक घर राहू द्या. पण विनंती करायलाही समोर माणूस लागतो. आमच्याकडे तो नव्हता.

मी काहीच केलं नाही. घर राहिलं.

पुढच्या काही महिन्यांत नवी माणसं शिकवायचं काम हळूहळू ताईंकडेच गेलं. मी ओरडायचो, त्या पाणी द्यायच्या. कुणाचा हात माउसवर थरथरला की आपला हात वर न ठेवता नुसत्या शेजारी बसून राहायच्या, घाई नाही म्हणायच्या. त्यांच्या शाळेतल्या दोन बाई आल्या, त्यांच्या नात्यातल्या आल्या. बायकोसुद्धा एकदा येऊन बसली आणि घरी जाताना मला म्हणाली, शिकवतात ते असं.

पण नियमाला त्या माझ्यापेक्षा पक्क्या. एका उत्साही गृहस्थांनी गल्लीत होऊ घातलेलं सभागृह नकाशात आधीच काढून ठेवलं, अजून नुसता नारळ फुटला होता. ताई त्यांना म्हणाल्या, भाऊ, उभं राहिलं की काढा, तोवर नाही. ते जरा नाराज झाले. ताईंनी ते सभागृह पुसायला लावलं आणि मग माझ्याकडे न बघता उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या वेळी मला त्यांची फार दया आली. दुसऱ्याला जे पाळायला लावतो ते आपण पाळत नाही, ही टोचणी प्रामाणिक माणसाला झोपू देत नाही.

मग एक दिवस नकाशात कवठाच्या मळ्यावर कुणीतरी एक टिपण टाकलं. नाव नव्हतं. एवढंच होतं की मी या बाजूनं गेलो, इथे आता वस्ती पडतेय असं वाटतं, स्थानिक कुणी खात्री करेल का? स्थानिक म्हणजे आम्हीच. खोलीत सगळ्यांनी ते वाचलं. ताईंनी लॅपटॉप मिटला. काका, तुम्ही याल का माझ्याबरोबर, म्हणाल्या, एकटीनं जायचा धीर होत नाही.

आम्ही द्वारकेहून रिक्षा केली. ताईंनी सांगितलं, कवठाचा मळा. रिक्षावाला कोरा. वयानं काही लहान नव्हता, नाशकातलाच होता, पण त्यानं हे नाव ऐकलेलंच नव्हतं. खाणाखुणा सांगितल्यावर म्हणाला, हां, ते नवीन प्लॉटिंग, असं बोला ना. आणि बिल्डरनं दिलेलं कसलंतरी गुळगुळीत नाव त्यानं घेतलं. ताई वाटभर बाहेर बघत होत्या. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते ठिकठिकाणी उकरलेले, रिक्षा खड्ड्यांतून आपटत चाललेली, आणि मी उगाच रस्त्यांवर चिडचिड करत होतो.

तिथे पोचलो तर सपाट. मुरूम टाकलेले सरळ रस्ते, कोपऱ्याकोपऱ्याला चुना लावलेले दगड, एक मोठा फलक. झाड नाही, बांध नाही. विहीर कुठे होती तेही ओळखू येईना. मी फोटोत इतक्या वेळा पाहिलेली जागा, पण मलाही तिथे चुकल्यासारखं झालं. ताई दोन रस्ते चालल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. स्वतःच्या माहेरी त्यांना दिशा सापडत नव्हती. त्यांचं बोलणंही बदललं. शाळेतलं, कार्यालयातलं नीटनेटकं बोलणं गेलं आणि मळ्यातलं आलं. काहीच नाय हो काका, म्हणत होत्या, लय मोठं अंगण होतं आमचं, काहीच नाय राहिलं.

शेवटी त्यांनी मोबाइल काढला. त्यात आमचा नकाशा आणि मागे तोच जुना फोटो. आपण जिथे उभे असतो तिथे निळा ठिपका दिसतो. तो ठिपका बघत बघत त्या चालू लागल्या. मी मागून. ठिपका गोठ्यावरून गेला, घराच्या भिंतीला लागला. हे दार, म्हणाल्या आणि मुरुमात थांबल्या. मग चार पावलं पुढे. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि मोबाइलमध्ये डोकावलो. निळा ठिपका अंगणात आला होता, पांढऱ्या चौकोनाच्या अगदी काठावर.

"काका, जरा सरका," ताई म्हणाल्या, "वाळवणात पाय पडंल."

आणि मी सरकलो. खरंच सरकलो. त्या रखरखीत प्लॉटवर, ज्यावर एक गवताची काडी नव्हती, मी चप्पल उचलून बाजूला झालो. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्या खालीच बसल्या. मोठ्यानं रडल्या. बाईमाणूस मोठ्यानं रडायला लागलं की काय करावं ते मला आजही कळत नाही. मी नुसता ऊन अडेल असा उभा राहिलो. पलीकडे एक जण दगडांना चुना लावत होता, तो थोडा वेळ बघत राहिला आणि पुन्हा कामाला लागला.

परत येताना त्या म्हणाल्या, नियमानं घर आजच पुसायला हवं. मी म्हटलं, ते तुम्ही बघा, मी काही बोलणार नाही. त्या टिपणाला उत्तर द्यायचं होतं, तेही मी दिलं नाही. दिलं तर त्यांनीच द्यावं असं मला वाटलं. एक-दोन रविवार त्या आल्याच नाहीत. आल्या तेव्हा टिपणाचा विषय कुणी काढला नाही. फक्त काम सुरू करायच्या आधी त्या दर वेळी थोडा वेळ एकट्याच लॅपटॉपपाशी बसायच्या. काय बघतात ते सगळ्यांना माहीत होतं. मीच दारात उभा राहून नव्या लोकांना गप्पांत गुंतवायचो. सिंहस्थ, भाव, पाणी, काय वाटेल ते.

पुढे थंडीत एकदा, सकाळची वेळ. मी गॅलरीत पेपर घेऊन बसलो होतो आणि बायको आत पोहे परतत होती. ताईंचा फोन. एरवी त्या आधी विचारायच्या, काका, वेळ आहे का. त्या दिवशी काही नाही.

"काका, आई गेली."

माझ्या तोंडून आपण सगळे विचारतो तेच निघालं. "कधी?"

"आत्ता उघडलं, तर नव्हती."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटो बदलला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनीच सांगितलं की त्यांनी घर काढून टाकलंय. गोठा काढला, विहीर काढली, कवठाच्या मळ्याचं नावही पुसलं, कारण आता तसं कुणी म्हणत नाही. दुसरं कुणी येऊन पुसण्याआधी मीच केलं, म्हणाल्या, घरच्या माणसानंच करायचं असतं ना हे. त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. मग म्हणाल्या, मला आता नीट दिसत नाहीये, तुम्ही एकदा नजर टाका, काही राहिलं असेल तर काढा.

बायको झारा हातात घेऊन दारात आली होती. तिनं माझा तो 'कधी' ऐकला होता. कोण गेलं, म्हणाली. मी म्हटलं, ताईंची आई. ती गोंधळली. अहो, त्या तर मागेच गेल्या ना, तुम्हीच सांगितलं होतं. मी मान हलवली. समजावून सांगायला लागलो असतो तर मला रडू फुटलं असतं, आणि तिला ते बहुतेक कळलं, कारण पुढे काही न विचारता ती आत गेली आणि तिनं गॅस बंद केला.

मी लॅपटॉप उघडला. नवा फोटो अगदी स्वच्छ होता. तपकिरी जमीन, सरळ रस्ते, प्लॉट. कुठेही पांढरं काही नाही. ताईंनी आपल्या हातानं काय काय पुसलं त्याची नोंद एकाखाली एक दिसत होती, आणि आमच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकापुढे कारण लिहिलेलं होतं. सगळीकडे तेच वाक्य. आता नाही, मी जाऊन पाहिलं आहे. त्या जुन्या टिपणालाही त्यांनी उत्तर दिलं होतं. खात्री केली, आपलं बरोबर आहे, कळवल्याबद्दल आभार.

सगळं नीट झालं होतं. एवढंच एक राहिलं होतं. घरापासून विहिरीपर्यंतची पायवाट. बारीक तुटक रेघ, मोकळ्या जमिनीतून निघून मोकळ्या जमिनीत संपणारी. नजरचुकीनं राहिली, की त्यांच्यानं ती पुसवली नाही, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मी ती निवडली. पुसायचं बटण दाबलं. मग कारणाची चौकट आली आणि माझी बोटं अडली. जाऊन पाहिलं तर मीही होतं, पण ते वाक्य त्यांचं होतं.

पोहे गार होईपर्यंत मी तसाच बसलो होतो. मग लिहिलं, या वाटेनं आता कुणी पाण्याला जात नाही.